भूल उतरेपर्यंत

साखऱ्यात त्या दिवशी कुणाला कुणाकडे बघायला वेळ नव्हता. कापलेलं सोयाबीन शेताशेतांत सुड्या घालून पडलं होतं, परतीच्या पावसाचं आभाळ तोंड काळं करून बसलं होतं आणि ज्ञानबाच्या रानात मळणीच्या हडंब्याचा नंबर नेमका त्याच दिवशी लागला होता. हा नंबर सोडला तर पुढचा केव्हा, ते हडंबेवालाही सांगू शकत नव्हता. अशा दिवशी चंद्री अडली. म्हशीनं मुद्दाम दिवस बघून दगा दिल्यासारखा ज्ञानबा तिच्यावर चिडला होता.

पहाटेपासून एकच पाय बाहेर आणि बाकी सगळं रेडकू आत. म्हैस उठायची, बसायची, शेपटी वर करून जोर लावायची आणि काहीच झालं नाही की भिंतीला कपाळ घासायची. ज्ञानबाची सून मनकर्णा तिच्या तोंडापाशी बसून होती. म्हैस तिच्या माहेरची, कुरुंद्याची. बापानं टेम्पोत घालून आणून दाराशी सोडली होती तेव्हा एवढीशी वगार होती. आता तिच्या दुधावर दोन्ही पोरींच्या वह्या, दप्तरं, चपला चालत. त्यासाठी या घरात कुणापुढं हात पसरावा लागत नाही, हे मनकर्णेला चंद्रीकडे बघितलं की रोज आठवायचं आणि बरं वाटायचं.

"सर बाजूला, म्या हात घालून पाहातो," असं म्हणत ज्ञानबानं बाह्या वर केल्या होत्या. सासरा म्हणजे गुराढोरांतला मोठा हकीम. त्याचं खरं नाव डागणीत होतं. बैल लंगडला, गाय पोटातून कण्हायला लागली, खांदा सुजला, की आसपासच्या वाड्यांवरून माणसं जनावर घेऊन ज्ञानबाकडं येत. वळचणीला खोचलेली चपट्या टोकाची सळई तो काढायचा, निखाऱ्यांच्या आरात लाल करायचा आणि हाड बघून ठेवून द्यायचा. बरं झालं तर ज्ञानबाचा हात, मेलं तर जनावराचं नशीब. असा धंदा कुणाला नको असतो! पण आत हात घालून त्याला रेडकाचं डोकं काही सापडलं नाही, आणि नवऱ्यानं, शिवहारनं, बापाला न विचारता सेनगावच्या डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर आतिफ आला तेव्हा मध्यान्ह होत आली होती. तरुण पोरगा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. म्हशीजवळ बसून त्यानं खांद्यापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"मुंडकं मागं वळलंय. ही अशी कळा देत राहिली तर माझा हात मोडेल, पण रेडकू निघणार नाही. मणक्यात भूल द्यावी लागेल."

त्यानं शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वरखाली हलवली, बोटानं हाडांमधली खाच शोधली, तिथले केस कापले आणि लांब सुई आत घातली. चंद्री एकदा दचकली. मग शेपटी दोरीसारखी लोंबली, जोर लावणं थांबलं आणि थोड्या वेळानं मागचं सगळं धूड एका बाजूला कलंडलं. डॉक्टरनं रेडकाचं तोंड वळवून घेतलं, दावं बांधलं, शिवहारनं आणि त्यानं मिळून ओढलं. चिखलात भिजलेल्या पोत्यासारखं रेडकू बाहेर पडलं आणि शिंकलं.

"वगार हाये!" बनाबाई, मनकर्णेची सासू, ओरडली. म्हशीला मादी झाली म्हणून लगबगीनं घरात जाऊन तिनं मीठ-मोहऱ्या आणल्या, वगारीवरून ओवाळल्या, गुळाचा खडा चंद्रीच्या तोंडात कोंबला. मनकर्णेला धाकटी पोरगी, शिवकन्या, झाली तेव्हा हीच बनाबाई हिंगोलीच्या दवाखान्यातून चहासुद्धा न घेता परत फिरली होती. मनकर्णेनं सासूच्या हातातला गूळ बघितला आणि मान खाली घातली.

डॉक्टरनं अंग बाहेर येऊ नये म्हणून टाके घातले. तेवढ्यात रस्त्यावर हडंब्याच्या ट्रॅक्टरचा भोंगा वाजला आणि बाप-लेक दोघंही तसेच धावले. बनाबाई डबा घेऊन त्यांच्या मागं. डॉक्टर हात धुऊन वळला तर सांगायला समोर एकटी मनकर्णा.

"हे बघा ताई, नीट ऐका. डोस थोडा जास्त द्यावा लागला. आता कमरेपासून मागं तिला काही म्हणजे काही कळणार नाही. पाय लुळे पडतील, लाळ गळेल, गुंगीत राहील. घाबरायचं नाही. उठवायचं नाही, मारायचं नाही. फक्त कुशीवर पडू देऊ नका, पोट फुगेल. पोती लावून बसती ठेवा. सांजेपर्यंत भूल उतरेल आणि आपली आपण उठेल."

"म्हाईत हाये मला," मनकर्णा म्हणाली. "मलाबी देल्ती तसली सुई. धाकटीच्या टायमाला."

"मग तुम्हाला काय सांगायचं!" डॉक्टर हसला, मोटारसायकलला लाथ मारली आणि गेला.

मनकर्णेला खरंच सगळं माहीत होतं. दवाखान्यात तिला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून पाठीत सुई दिली होती, आणि मग पाय गेले होते. तिनं हातानं मांडी चाचपून बघितली तर ती दुसऱ्याच कुणाची तरी लागली. सांजेला आधी अंगठा आला, मग पोटरी, मग टाक्यांची आग. दोन-तीन महिने कंबर दुखली. मग दुखायची थांबली.

थांबली ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. कारण बाळंतिणीची खोली सुटायच्या आत बनाबाईनं तिसऱ्याचा विषय काढला होता. घराला दिवा पाहिजे, दोन पोरी काय कामाच्या, वगैरे वगैरे. पहिल्या दोन खेपांत मनकर्णा मरता मरता वाचली होती, आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा पोट फाडावं लागेल, असं दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. तिसरीही पोरगीच झाली तर काय, हे तर कुणी बोलतच नव्हतं. तेव्हा मनकर्णेनं कंबर धरली ती धरलीच. त्या सुईनं कंबर गेली. वाकता येईना, उचलता येईना. गावातल्या निम्म्या बाया तेच सांगायच्या, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. पुन्हा सुई घेतली तर उरलीसुरलीही जाईल, या भीतीनं बनाबाई गप्प बसली आणि शिवहारची बाज ओसरीवर गेली. घरात टोमणे मिळायचे, लुळी म्हणून नाव पडलं होतं. पण रात्री दाराला कडी लावून दोन पोरींच्या मधे झोपताना मनकर्णेला वाटायचं, एवढ्या स्वस्तात सुटले मी.

तिनं भुसाची पोती ओढून चंद्रीच्या दोन्ही बाजूंना लावली. घरात कुणी नव्हतं म्हणून ओढता आली. वगार पुसून काढली, चीक काढून बाटलीनं पाजला. चंद्री मान टाकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, खालच्या ओठावरून लाळेची तार मातीपर्यंत. "निज गं बाई," मनकर्णा म्हणाली, "सांजेला येतेत पाय."

दुपार कलायच्या आत माणसं परत आली. हडंब्याचा पट्टा तुटला होता, सुडी अर्धी तशीच राहिली होती आणि वर थेंब पडायला लागले होते. ताडपत्री ओढून ओढून ज्ञानबाचे हात सोलले होते. तो तसाच रागारागानं गोठ्यात शिरला आणि चंद्रीला बघून थबकला.

"आगं ह्ये काय झालं हिला?"

"भूल हाये मामा. डाक्टर सांगून गेले, सांजच्याला—"

ज्ञानबानं ऐकलंच नाही. शेपटी पिरगाळली. काही नाही. बैल हाकायच्या तुतारीचं अणकुचीदार टोक मांडीत खुपसलं. काही नाही. मागचा पाय उचलून सोडला तर तो लाकडासारखा खाली आदळला.

"गेली," ज्ञानबा म्हणाला. "कंबरातून गेली म्हैस."

बनाबाईनं कपाळावर हात मारला. "त्या सुईनंच केलं! शेपटीत खुपसली तवाच मपल्या पोटात गोळा आल्ता. आपल्या हिचीबी आशीच गेली न्हाई का!"

"आत्या, तसं न्हाई. सांज होऊ द्या. ह्ये औषिदच तसं असतंय. लाळ गळंल, पाय पडतेल म्हनले व्हते डाक्टर. डागाया-बिगायाचं नका काढू, फोन तर लावून पाहा त्यांना."

"ज्यानं मारली त्यालाच इचारू?" ज्ञानबा गरजला. तोवर कुडावरून शेजारची सोजराबाई डोकावली, रस्त्यानं जाणारी दोघंतिघं दारात थांबली. माणसं जमली की ज्ञानबाचा आवाज चढायचा. "सांजच्याला उठती म्हनला व्हय? दवाखान्यात तुलाबी तेच म्हनले व्हते ना? सांजच्याला पाय येतेत, काई व्हत न्हाई म्हनून? मंग सांग बरं ह्या लोकांला. आली का तुझी कंबर?"

सगळे मनकर्णेकडे बघायला लागले. शिवहारही बघत होता. सोजराबाईनं तर मान लांब केली.

मनकर्णेच्या तोंडात उत्तर तयार होतं. आली मामा. तवाच आली. सुईचं काई ऱ्हात न्हाई. एवढं बोलली असती तर चंद्री सुटली असती. पण तिनं बनाबाईकडे बघितलं. बनाबाई डोळे बारीक करून तिच्याकडेच बघत होती.

"बोल की."

"पाय आले व्हते," मनकर्णा म्हणाली.

"कंबर?"

"कंबर न्हाई आली."

"ऐका!" ज्ञानबा लोकांकडं वळला. "आर करा रे. आत्ताच हाये ते हाये. रात गेली तर मंग ब्रह्मदेव आला तरी ही उठत न्हाई."

गवऱ्या पेटल्या. वळचणीची सळई आरात गेली. मनकर्णेला म्हशीचं मुंडकं धरायला बसवलं, कारण माहेरचं जनावर तिच्याच हाताला ओळखतं. ती बसली. तिला उठून पळून जावंसं वाटत होतं आणि तिला स्वतःचा इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

डागणीची ज्ञानबाची एक रीत होती. सळई टेकवायची आणि कातडं थरारलं की हात उचलायचा. थरारलं म्हणजे तिथं जीव आहे. नाही थरारलं तर अजून दाबायचं, नाही तर पुढच्या हाडावर जायचं, पण जीव सापडेपर्यंत सोडायचं नाही. आजवर कुठलंही जनावर पहिल्याच चटक्याला चार पाय उडवून उठलं होतं, त्यामुळं ही रीत चांगली आहे की वाईट हे बघायची वेळच आली नव्हती.

त्यानं पहिला डाग माकडहाडावर दिला. चर्र झालं, केस जळाले, धूर निघाला. चंद्रीनं कानसुद्धा हलवला नाही.

"न्हाई थरारली," दारातून कुणी तरी म्हणालं.

ज्ञानबानं सळई दाबून धरली. मग उचलली, पुन्हा लाल केली, पुढच्या मणक्यावर ठेवली. मग दोन्ही पुठ्ठ्यांवर. मग मांडीच्या जाड मांसात. चरबीचा वास सगळ्या गल्लीत पसरला. सोजराबाईनं पदर नाकाला लावला पण जागची हलली नाही. ज्ञानबाच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या लोकांसमोर त्याची सळई फुकट चालली होती आणि दर खेपेला तो आधीपेक्षा जास्त खोल जात होता. कातडं उलून आतलं लाल दिसायला लागलं तरी चंद्री तशीच बसली होती. मनकर्णेच्या मांडीवर तिचं जड डोकं होतं. तोंड हळूहळू हलत होतं, जणू रवंथ करायची आहे आणि घास सापडत नाही. तिला काहीच लागत नव्हतं.

"बास झालं आबा," शिवहार हळूच म्हणाला.

"तू गप! सुईवाल्याला फोन तूच लावल्तास."

शेवटी आर विझत आला तेव्हा ज्ञानबा थांबला. त्यानं जखमांवर हळद आणि तेल थापलं, सळई पाण्यात बुडवली आणि ओसरीवर जाऊन बसला. माणसं पांगली. मनकर्णा तशीच म्हशीचं डोकं घेऊन बसून राहिली. आता सांज होऊच नये, असं तिला वाटत होतं. दुपारी तिनंच म्हशीला सांगितलं होतं, सांजेला पाय येतात. ते येणार होते. ते येताना काय काय घेऊन येणार होते, तेही तिला माहीत होतं.

दिवेलागणीच्या आधी चंद्रीनं डोळे पूर्ण उघडले. शेपटीचा गोंडा एकदा हलला. मग मांडीचं मांस थरारायला लागलं, माशी बसल्यावर थरारतं तसं, पण माशी नव्हती. चंद्रीनं मान वळवून मागं बघितलं. तिला कळेना, आपल्या मागं काय लागलंय ते. मग ती ओरडली. म्हशीचं साधं हंबरणं नव्हे ते. पोरी घरातून धावत आल्या आणि दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. चंद्रीनं पुढचे पाय रोवले, मागचं धूड फेकल्यासारखं वर उचललं आणि उभी राहिली. लटपटली, पुन्हा उभी राहिली. खुंट्याभोवती गरगर फिरायला लागली. कोवळी वगार पायाखाली येणार तोच मनकर्णेनं ती ओढून काढली.

"उठली!" बनाबाई ओरडली. "आवं, उठली म्हैस! या हिकडं!"

ज्ञानबा ओसरीवरून उडी मारूनच आला. दुपारचं पडलेलं तोंड क्षणात उजळलं. "म्हनलं व्हतं का न्हाई? जीव लपून बसल्ता. खोल गेलो म्हनून सापडला!" गल्लीतली माणसं पुन्हा जमली, चहा झाला, ज्ञानबानं कुठल्या हाडावर किती दाबलं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. मागं चंद्री ओरडतच होती आणि त्यामुळं त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला मागं उभं राहू देईना. वगार कासेला लावली तर लाथेनं उडवली. मनकर्णा पुढून, मानेवर हात फिरवत, लांबूनच हात घालून कसाबसा चीक काढायची. जखमांवर माशा घोंगावत होत्या. तिनं कडुलिंबाचा पाला उकळून पाणी मारलं तर म्हैस दावं तोडायला निघाली.

बनाबाई चुलीपुढं भाकरी थापत हे बघत होती. थापता थापताच ती म्हणाली, "सुईनं गेलेली म्हशीची कंबर डागनीनं आली. मंग हिची काहून येऊ नये?"

ज्ञानबा भाकरीचा तुकडा मोडायचा थांबला.

"बाईमान्साला, आई..." शिवहार म्हणाला.

"काहून? बाईमान्साचं कातडं सोन्याचं हाये का? तुझी आजी बाळपनी पोटावर डागलेली व्हती, नव्वद वर्सं जगली. येवढी वर्सं झाली, ही कंबर धरून बसलीय आन् मपल्या लेकाचं घर तसंच राह्यलंय. आपल्या घरात हात हाये आन् आपुनच उपाशी!"

मनकर्णेनं रात्रभर विचार केला असं नाही. विचार करण्यासारखं होतंच काय? आता एकदम कंबर बरी झाली म्हणावं, तर इतकी वर्षं घराला फसवलं म्हणून मार, आणि वर तिसरं लेकरू. डाग घेऊन बरं वाटलं म्हणावं, तरीही तिसरं लेकरू. डाग घ्यायचा आणि फरक नाही म्हणायचं, एवढीच एक वाट होती. सकाळी पोरी शाळेत गेल्या आणि ती आपणहून गोधडीवर पालथी पडली. त्या दिवशी चंद्रीचं मुंडकं धरून बसली होती, त्याचीही तिला कुठं तरी फेड करायची होती. पण ते वाटणं सळई टेकेपर्यंतच राहिलं.

सळई नव्हती, इळ्याचं टोक होतं. सून म्हणून ज्ञानबानं तेवढी मर्यादा ठेवली. बनाबाईनं पदर वर केला आणि पाय दाबून धरले. शिवहार बाहेर जाऊन दावं वळत बसला. चटका बसला तशी मनकर्णा किंचाळली. तोंडात पदराचा बोळा होता तरी ते किंचाळणं सोजराबाईच्या घरापर्यंत गेलं. तिला म्हशीसारखी सांजेपर्यंतची सवड नव्हती.

"हालली!" ज्ञानबा खूष झाला. "जीव हाये. आता? काई फरक?"

"न्हाई," मनकर्णा म्हणाली.

"जरा उठून पाहा."

ती उठली, कंबर धरली, वाकडी होऊन उभी राहिली. हे मात्र तिला वर्षानुवर्षांच्या सरावानं जमत होतं. "न्हाई मामा. तशीच हाये."

"आजून एक देऊ."

दुसरा पहिल्याच्या शेजारी बसला. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, घशातून पित्त वर आलं. पण विचारल्यावर तिनं मान हलवली. न्हाई.

ज्ञानबानं इळा आरात टाकून दिला. "हिचं पार आतून गेलं असंल," तो कडवटपणे म्हणाला. बनाबाई पाय सोडून उठली. पाठीवरून हळदीचं तेल ओघळत होतं, आणि मनकर्णेला इतक्या वेदनेतही मनातून आनंद झाला. आता कुणी पुन्हा विचारणार नाही. जिंकले मी, असंच तिला वाटलं.

टाके काढायला डॉक्टर आतिफ आला तोवर चंद्रीच्या पुठ्ठ्यांवर पू धरला होता. त्यानं पिशवी खाली ठेवली, माशा हाकलल्या आणि वाकून जखमा बघितल्या.

"हे कधी केलं?"

"त्याच दिशी," ज्ञानबा ओसरीवरून अभिमानानं म्हणाला. "तुमच्या सुईनं गेल्ती म्हैस. म्या उठवली."

"भूल असताना डागली?" डॉक्टरचा आवाज चढला. "काका, तिला लागतच नव्हतं तर ती थरारणार कशी? एवढं मांस जाळलं तुम्ही! भूल उतरल्यावर काय झालं असेल तिचं, काही कल्पना आहे?"

"उठली ना पर?" ज्ञानबा म्हणाला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता.

डॉक्टरनं मान हलवली. मनकर्णेनं मुंडकं धरलं, त्यानं जखमा धुतल्या, सडलेलं कापलं, टाके काढले. मग दुसऱ्या सुईत औषध भरून मानेत टोचलं.

"ह्ये कशाचं?" तिनं विचारलं.

"दुखणं थांबायचं. रोज द्यावं लागेल, मी येत जाईन."

औषध भिनायला थोडा वेळ लागला. मग चंद्रीनं कितीतरी दिवसांत पहिल्यांदा पाय सैल सोडले, वैरणीला तोंड लावलं आणि रवंथ करायला लागली. वगार भीत भीत कासेला आली तर तिनं पिऊ दिलं. मनकर्णा बघत उभी होती. तिच्या पाठीवर पोलकं चिकटून बसलं होतं आणि दर श्वासाला ओढलं जात होतं. न राहवून ती बोलून गेली.

"डाक्टर, ह्ये मान्साला चालतं का?"

"म्हशीचं औषध?" तो हसला. "माणसाला गोळ्या असतात. कोणाला पाहिजे?"

बनाबाई चुलीपासून म्हणाली, "तिला सवय हाये कंबरीचं गाऱ्हानं गायाची. तुमी नका ध्यान देऊ."

"कंबर दुखते, ताई? कधीपासून?"

इतक्या वर्षांनी आता तिची कंबर खरोखरीची दुखत होती. पण खरं सांगायची सोय नव्हती. "धाकटीच्या टायमाला मनक्यात सुई देल्ती," ती म्हणाली. "तवापासून."

"अरे, सगळ्याच बायका तेच सांगतात!" डॉक्टर बॅग आवरत, भल्या मनानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलला. "त्या सुईनं काही होत नसतं, ताई. तिचा असर सांजेपर्यंत. मागं काही राहत नाही. मनातून काढून टाका, एकदम ठणठणीत आहात तुम्ही. पाहिजे तर अजून दोन लेकरं होतील!"

तो गेला. म्हशीच्या बाबतीत त्याचा एक शब्द या घरात कुणी मानला नव्हता. हा मात्र मानला. बनाबाई हातातली पिठाची काटवट ठेवून उभी राहिली, सुनेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लेकाला हाक मारली.

"शिवहार, ऐकलंस का? काई झालं न्हाई हिला. बाज आत आन तुझी. आन् पोरींची गोधडी मपल्यापाशी टाक."

शिवहारनं क्षणभर बायकोकडं बघितलं. मग ओसरीवरची बाज आडवी करून त्यानं दारातून आत घेतली. मनकर्णा गोठ्यातच उभी होती. तिला अजून पाठीवर निजता येत नव्हतं.